हाय पास लेयर की लाइटरूमचे स्लायडर? शार्पनिंग नेमकं कुठं करायचं

आधीच सांगतो, शार्पनिंग म्हणजे फोटोतल्या कडा उठावदार करणं, आणि अनशार्प मास्क (त्याचीच जुनी पद्धत), रेडियस (कडेच्या आजूबाजूला किती पिक्सेलपर्यंत परिणाम होतो ते), हेलो (जादा शार्पनिंगनं कडेला उमटणारी रेघ) हे शब्द ज्यांच्या कानावरून गेलेत, जे रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये फोटो काढतात, लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही उघडून बसतात पण शार्पनिंग कुठं करायचं यावर ज्यांची गाडी अडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अडोबीच्या फोटोग्राफी प्लॅनमध्ये दोन्ही एकत्रच येतात, त्यामुळं पैशाचा प्रश्न इथं नाहीच, प्रश्न सवयीचा आहे आणि सवय एकदा लागली की बदलत नाही म्हणून आधी विचार केलेला बरा. मी स्वतः आधी पक्का हाय पासवाला (फोटोशॉपातला नुसत्या कडा वेगळ्या काढणारा फिल्टर) होतो. आता बहुतेक सगळं लाइटरूममध्येच उरकतो. ह्याचं खरं कारण एकच आहे आणि ते क्वालिटीचं नाहीये, त्यावर येतोच.

पण हाय पासमध्ये जे चांगलं आहे ते आधी मान्य करूया. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे, बघितली नसेल तर कॅमेरा घेऊनच जा. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की काळा दगड, त्यावरचं कोरीव काम, वरून तिरकं येणारं ऊन आणि खाली हिरवट पाणी. अशा फोटोत दगडाचा खरखरीतपणा हवा असतो आणि पाण्याला हातही लावायचा नसतो. मग फोटोशॉपात लेयरची कॉपी घ्यायची, फिल्टर मधून अदर, त्यातून हाय पास, रेडियस हळूहळू वाढवायचा, सगळं चित्र राखाडी होतं आणि नुसत्या कडा वर येतात, मग ब्लेंड मोड (वरची लेयर खालच्या चित्रात कशी मिसळायची ते) ओव्हरले केला की राखाडी गायब आणि कडा तेवढ्या फोटोवर चढतात. ओव्हरले जास्त वाटला तर सॉफ्ट लाइट, कमी वाटला तर लिनियर लाइट, आणि तरी मन भरलं नाही तर ओपॅसिटी आहेच. नंतर त्या लेयरला मास्क (लेयर कुठं दिसावी, कुठं नाही ते ठरवणारा पडदा) लावून पाण्यावरून काळा ब्रश फिरवला की काम झालं.

ह्यातली खरी मजा म्हणजे काय शार्प होणार ते त्या राखाडी चित्रात आधीच दिसतं. दगडाच्या सांध्यातली रेघ दिसली का, छिन्नीच्या खुणा दिसल्या का, की रेडियस जास्त झाल्यामुळं अख्खी कमानच उठून आली, हे बघून ठरवता येतं. लाइटरूममध्ये रेडियस ३ ला संपतो. हाय पासमध्ये तुम्ही १५, २० पर्यंत नेऊन सॉफ्ट लाइटवर अगदी कमी ओपॅसिटीला ठेवलात तर दगडाला जो एक वजनदारपणा येतो तो मला अजूनही आवडतो. हां, त्या लेयरचा रंग काढून टाकायचा, डीसॅच्युरेट, नाहीतर कडांना जांभळट-हिरवट किनार येते.

आता लाइटरूम. चारच स्लायडर, अमाउंट, रेडियस, डिटेल, मास्किंग. रॉ फाइल उघडली की अडोबीच्या डिफॉल्टला अमाउंट ४०, रेडियस १, डिटेल २५ आणि मास्किंग शून्य असतं. बरेच लोक अमाउंट ओढून १०० करतात आणि म्हणतात लाइटरूमचं शार्पनिंग काही खास नाही. अहो, अमाउंट ह्या चारातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे असं माझं मत. खरा खेळ मास्किंगचा आहे. ऑल्ट दाबून धरायचं आणि मास्किंग ओढायचं, स्क्रीन काळीपांढरी होते, पांढरं तिथं शार्पनिंग लागणार, काळं तिथं नाही.

कासला सप्टेंबरात जाऊन आलेला कुठलाही फोटो घेऊन हे करून बघा. खाली तेरड्याचा गुलाबी गालिचा, मधेमधे सोनकी, वर ढग. ऑल्ट धरून मास्किंग ४० च्या पुढं न्यायला लागलात की आधी आभाळ काळं होतं, मग लांबचा डोंगर, मग फोकसच्या बाहेरची फुलं, आणि ६० च्या आसपास फक्त पुढच्या फुलांच्या पाकळ्यांच्या कडा आणि देठं पांढरी राहतात. म्हणजे जे काम हाय पासमध्ये ब्रश घेऊन करायचं ते इथं एका अंगठ्यात आणि एका बोटात. तेवढं बारीक होतं का? नाही होत. पाकळीवरच्या दवाच्या थेंबाला घ्यायचं आणि शेजारच्या कोळ्याच्या जाळ्याला सोडायचं, असलं नखरेल काम ह्याला जमत नाही. पण तेवढं किती फोटोंना लागतं, तुम्हीच सांगा.

डिटेल स्लायडरबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून थोडं लांबण लावतो. हा खाली ठेवला की कडेच्या बाजूचा हेलो दाबला जातो, आणि वर नेत गेलात की बारीक टेक्स्चर उठायला लागतं, १०० च्या जवळ तर हिशोबच डीकॉन्व्होल्यूशनच्या बाजूला झुकतो, म्हणजे नुसती कडा गडद करायच्या ऐवजी धूसरपणा उलटा सोडवायचा प्रयत्न. ठोसेघरला धबधब्याचं पाणी रेशमासारखं यावं म्हणून एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) नसताना लोक एफ २२ ला, म्हणजे लेन्सच्या अगदी बारीक छिद्राला, जातात (मीही जातो), आणि मग डिफ्रॅक्शनमुळं (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळं) खडक, झाडी सगळंच किंचित मऊ येतं. तिथं डिटेल ६०-७० आणि रेडियस ०.८ च्या आसपास ठेवून मास्किंगनं पाणी आणि धुकं बाहेर काढलं की खडकावरचं शेवाळ बऱ्यापैकी परत येतं. एफ ८ ला काढल्यासारखं येणार नाही, पण घरात लावण्याइतकं येतं. उलट आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर काढलेल्या, म्हणजे दाणे (नॉइज) जास्त असलेल्या फोटोला हेच केलंत तर आभाळ संत्र्याच्या सालीसारखं होतं. तेव्हा सांभाळून.

हेलोचं सगळ्यात चांगलं परीक्षण घ्यायचं तर चाळकेवाडीला जा. पठारावर पवनचक्क्या, मागं पावसाळी राखाडी आभाळ, पांढरी पाती. शार्पनिंग जरा जास्त झालं की पात्याच्या बाहेरच्या बाजूनं आभाळात गडद रेघ उमटते, काजळ घातल्यासारखी. हाय पासमध्ये हे लवकर होतं, कारण ओव्हरले उजेड आणि काळोख दोन्ही बाजूंना सारखाच ढकलतो, आणि मास्क लावून उपयोग नसतो कारण जी कडा हवीय तिथंच हेलो आहे. ब्लेंड इफ (उजेड-काळोख बघून लेयर कुठं लागावी ते ठरवणारी सोय) वापरून आवरता येतं, येत नाही असं नाही, पण प्रत्येक फोटोला ते करत बसायचं म्हणजे संध्याकाळ गेली. लाइटरूममध्ये डिटेल २० च्या खाली आणला की पाती स्वच्छ. आता हे मी डोळ्यानं बघून सांगतोय, मोजून बघितलेलं नाही, तुमच्या कॅमेऱ्याला आणि लेन्सला आकडा थोडा वेगळा लागेल.

इथपर्यंत बघितलं तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत, खरं सांगायचं तर एकटा फोटो घेऊन बसलं तर हाय पास थोडा वरचढच. मग मी का सोडला?

वायरमुळं.

वाईत एका जुन्या वाड्याचा फोटो होता, लाकडी खांब, सज्जा, कौलं, आणि बरोबर सज्ज्याच्या वर आभाळातून तिरकी गेलेली विजेची वायर. फोटो तयार केला, वर हाय पासची लेयर, मास्क वगैरे सगळं व्यवस्थित. ज्यांना द्यायचा होता ते बघून म्हणाले, फोटो झकास आहे, तेवढी वायर काढता येईल का? येते की. खालच्या लेयरवर हीलिंग ब्रश मारला, वायर गेली, पण आभाळात वायरीच्या जागी दोन बारीक रेघा तशाच, एक उजळ एक गडद, जणू कागदावर नख ओढलंय. कारण सरळ आहे, हाय पासची लेयर ही तुम्ही ती बनवली त्या क्षणाच्या पिक्सेलची कॉपी असते. खाली काय बदललं ते तिला कळत नाही. वायर फोटोतून गेली, शार्पनिंगमधून नाही गेली.

ह्यावर उपाय नाहीत असं नाही आणि जाणकार लगेच सांगतील. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-ई मारून सगळ्या लेयर एकत्र केलेली नवी लेयर घ्या, परत हाय पास, जुना मास्क ऑल्ट धरून तिच्यावर ओढा, जुनी डिलीट. किंवा सगळं आधी स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घाला म्हणजे हाय पास फिल्टर म्हणून जिवंत राहील, आत जाऊन वायर काढा, सेव्ह करा, बाहेर या, आपोआप नवीन कडा बनतील. बरोबर आहे, पण २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की एक पूर्ण लेयर म्हणजे साधारण १४४ एमबी, त्यात स्मार्ट ऑब्जेक्टच्या आतल्या लेयर वेगळ्या, आणि माझा लॅपटॉप काही स्टुडिओतला नाही, पंखा सुरू झाला की घरातले विचारतात काय उडतंय का. आणि मुख्य म्हणजे दरवेळी लक्षात ठेवावं लागतं. लक्षात ठेवायला लागणं हाच तर त्रास आहे ना.

कारण बदल एकदम येत नाहीत, हप्त्यानं येतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आज फोन येतो, "दादा, काकांच्या शर्टावर हळदीचा डाग पडलाय तेवढा घालवा की", तो घालवला की दोन दिवसांनी "आत्याच्या मागं तो टेबलफॅन दिसतोय", मग "नवरीच्या हनुवटीवरचा पुरळ". ह्यात कुणाचं चुकत नाही, त्यांचं घरचं कार्य आहे, ते बारकाईनं बघणारच. पण प्रत्येक बदलाला पुन्हा लेयर बनव, पुन्हा मास्क ओढ, पुन्हा शंभर टक्क्याला झूम करून बघ की भूत राहिलंय का. टेबलफॅन गेला पण त्याच्या जाळीची नक्षी भिंतीवर राहिली, असलं काही एकदा बघितलं की माणूस कंटाळतो.

लाइटरूममध्ये हा प्रकारच नाही. तिथं तुम्ही पिक्सेल बदलत नाही, सूचना लिहून ठेवता, आणि त्या कुठल्या क्रमानं दिल्या ह्याला काही अर्थ नसतो. शार्पनिंग आधी केलं आणि वायर नंतर काढली तरी तो फोटो बनवताना वायर काढलेल्या चित्रावरूनच कडा ठरवतो. महिन्यानं उघडला, आत्याच्या मागचा फॅन काढला, एक्सपोर्ट केला, संपलं. मला तरी एवढ्या एका गोष्टीपायी बाकीचे सगळे हिशोब सोडून द्यावेसे वाटले.

जोडीला ढिगानं काम करायचं असेल तर तुलनाच नाही. हॉलमधले सगळे फोटो निवडले, एकावर बसवलं, सिंक (तेच बाकीच्यांना लावायचं). आयएसओप्रमाणे वेगवेगळं शार्पनिंग देणारा प्रीसेटही बनवता येतो, म्हणजे सकाळच्या उन्हातल्या हळदीला वेगळं आणि रात्रीच्या रिसेप्शनला वेगळं, आपोआप. चेहऱ्यांसाठी पीपल मास्क आहे, त्यात डोळे, भुवया वेगळे निवडता येतात, त्वचा वेगळी. त्वचेला शार्पनेस उणे करायचा, पण एक ध्यानात ठेवा, उणे ५० पर्यंत तो फक्त मूळ शार्पनिंग कमी करत नेतो, त्याच्या खाली गेलात की खरोखर ब्लर करायला लागतो आणि मावशी मेणाच्या दिसायला लागतात.

लाइटरूमची एक गोष्ट मात्र मलाही पटत नाही, ती एक्सपोर्टच्या वेळची. शार्पनिंग एकाच घासात करू नये, आधी कॅमेऱ्याचा मऊपणा घालवण्यापुरतं, मग चित्रात जिथं नजर जावी तिथं, आणि शेवटी कागद किंवा स्क्रीन बघून, असे तीन टप्पे शार्पनिंगवर पुस्तक लिहिणाऱ्या ब्रूस फ्रेझरनं मांडले होते आणि लाइटरूमचं आउटपुट शार्पनिंग त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामावरून आलंय. विचार चांगलाच आहे. पण हातात काय मिळतं, स्क्रीन, मॅट, ग्लॉसी आणि त्यात लो, स्टँडर्ड, हाय. बस. आधी दिसत नाही, एक्सपोर्ट झाल्यावर उघडून बघायचं. स्क्रीनसाठी स्टँडर्ड ठीक जातं, प्रिंटला मी अंदाजानं चालतो, आणि अंदाज प्रत्येकाचा वेगळा.

त्यात अल्बमचं काम आलं की आपला नाइलाज होतो. बारा बाय छत्तीसची शीट फोटोशॉपच्या टेम्प्लेटमध्येच बनते, त्यात एक फोटो मोठा, चार छोटे, प्रत्येकाचा साइज बदलला की शार्पनेसही बदलतो. तिथं शीट पूर्ण झाली, सगळ्यांचं बघून झालं, आता कुणी फोन करणार नाही ह्याची खात्री झाली, की मग कॉपी फ्लॅटन करून (सगळ्या लेयर एकात मिसळून) त्यावर स्मार्ट शार्पन. रिमूव्हमध्ये लेन्स ब्लर निवडायचं, गॉशियन नको. मूळ पीएसडी (लेयरसकट फोटोशॉप फाइल) तशीच ठेवायची. म्हणजे फोटोशॉप पूर्ण सुटत नाही, फक्त त्याला सगळ्यात शेवटी बसवायचं.

आणि भिंतीवर लावायचा एकच मोठा प्रिंट असेल, कुणी बदल सांगणार नसेल, विहिरीसारखा दगडाचा विषय असेल, तर आजही हाय पास जरूर करा. मीही करतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. दर महिन्याला पैसे द्यायचे नसतील तर रॉथेरपी फुकट आहे आणि त्यातलं कॅप्चर शार्पनिंग, जे ५.८ व्हर्जनपासून म्हणजे २०२० पासून आलंय, ते चांगलंच आहे, रेडियस स्वतः शोधतं. त्यामागं रिचर्डसन-लुसी नावाचं गणित आहे. १९९० ला हबल दुर्बीण वर गेल्यावर तिचा आरसा बिघडलेला निघाला, १९९३ ला दुरुस्ती होईपर्यंत तिथले फोटो सोडवायला जी गणितं वापरली त्यात हेही होतं. आता तेच आपण कासच्या फुलांवर लावतो, गंमतच आहे. पण ते रॉ फाइललाच लागतं, मोबाइलच्या जेपीजीला नाही, आणि सगळा इंटरफेस शिकायला वेळ द्यावा लागतो. गिंपमध्ये अनशार्प मास्क आहे, २०२५ च्या ३.० पासून फिल्टर लेयरवर जिवंतही राहतात, म्हणजे माझं वरचं रडगाणं तिथं थोडं कमी झालंय. एआयवाली सॉफ्टवेअरं पक्ष्याच्या पिसांना छान असतील, पण ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा ती चक्क नवीन बनवतात, आणि घरच्यांना ते लगेच कळतं. लग्नात तरी नको.

हललेला फोटो कुठंच सुधारत नाही हेही ध्यानात असू द्या. वाईजवळच्या बावधनच्या बगाड यात्रेत एवढी गर्दी, धूळ, बैलांची ओढ, त्यात शटर १/६० ला राहिला तर स्मार्ट शार्पनमधलं मोशन ब्लर फक्त एका सरळ रेषेत हललेल्या फोटोला थोडंफार उपयोगी पडतं, आणि बगाडात एका रेषेत काहीच हलत नाही. आयएसओ वाढवा, नॉइज परवडला.

सुरुवातीला आकडे हवेतच असतील तर निसर्गाला अमाउंट ६०, रेडियस ०.९, डिटेल ३५, मास्किंग ५० आणि चेहऱ्याला अमाउंट ४०, रेडियस १.३, डिटेल १५, मास्किंग ८० पासून सुरू करा आणि शंभर टक्के झूमवर बघत वरखाली करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर जरा कमीच ठेवा, तिकडं परत कॉम्प्रेस होताना शार्प कडांभोवती मुंग्या उठतात. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी कुणी फोटो मागितला तर शार्पनिंगची काळजीच करू नका, फ्लेक्सवाला स्वतःचं एवढं मारतो की साताऱ्यात पोवई नाक्यावर लावलेल्या बोर्डाचा हेलो मोती चौकातून दिसावा.

आणि अल्बम बाहेर डिझायनला देत असाल तर फाइल पाठवायच्या आधी त्याला एकदा फोन करून विचारा, तुमच्या ॲक्शनमध्ये (फोटोशॉपात आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांत) शार्पन आहे का. बहुतेकांच्या असतं आणि त्यांना स्वतःलाही ते आठवत नसतं. असेल तर आपलं आउटपुट शार्पनिंग बंद ठेवून एक्सपोर्ट करा, आणि सगळी शीट छापायच्या आधी चेहऱ्यांचं एक पान आठ बाय बाराला काढून मागा.